साठीतले आणि सत्तरीतले : सरकारी आरोग्य कार्ड काढायची कृती

निवृत्तीच्या महिन्यात पेन्शनचे कागद, ग्रॅच्युइटी, नामनिर्देशन सगळं बारकाईने होतं. दवाखान्याचा खर्च कुठून भागवायचा, हे मात्र छातीत पहिली कळ येईपर्यंत कोणी बघत नाही. जव्हार-मोखाड्यात हे जास्त महागात पडतं. जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय ही पहिली ठिकाणं. हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काम निघालं की चिठ्ठी मिळते आणि गाडी नाशिकच्या रस्त्याला लागते. तोरंगणच्या घाटात ना रेंज, ना ओटीपी. म्हणून भाताची झोडणी उरकली, हाताला उसंत मिळाली, की हे काम धडधाकट असतानाच उरकून टाका.

सुरुवात वयापासून करा, तेही आधारवरच्या. आपल्याकडे शाळेचा दाखला नसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारी अशी अंदाजाची जन्मतारीख आहे, आणि अंदाज करणाऱ्याने दहा वर्षं सहज खाल्लेली असतात. घरातले म्हणतात पंचाहत्तर, आधार म्हणतं चौसष्ट. योजना आधारचंच ऐकते. जन्माचा किंवा शाळेचा पुरावा हाती असेल तरच दुरुस्तीच्या नादी लागा. नसेल तर पुढे सांगितलेला रेशनकार्डाचा रस्ता धरा.

आधारवर ७० पूर्ण असतील, तर आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, पेन्शन किती हेही कोणी विचारत नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून. घर आधीच आयुष्मान भारत योजनेत असेल, तर ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे, वरचे मिळतात. मुला-नातवांना त्यातले वापरता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

आता अडचण अशी, की राज्य सरकारचा नोकर बहुधा निवृत्त होतो ५८ व्या वर्षी आणि हे कार्ड मिळतं ७० ला. मधली १२ वर्षं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली हीच ती योजना. पूर्वी कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि बहुतेक पांढऱ्या कार्डवाले बाहेर होते. १ जुलै २०२४ पासून रक्कम ५ लाख झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं अशी सगळी रेशनकार्डं आत आली. आश्रमशाळेतले निवृत्त गुरुजी, वनखात्यातले वनपाल, तलाठी भाऊसाहेब यांना ‘हे आपल्यासाठी नाही’ असं अजूनही वाटतं. खरं तर आता ते त्यांच्यासाठीही आहे.

म्हणून दुसरं काम रेशनकार्डाचं. त्यावर १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का आणि दोघांची नावं त्यात आहेत का, हे बघा. पगार चालू असताना धान्य मिळत नाही म्हणून पांढरं कार्ड अनेकांनी ट्रंकेत टाकून दिलेलं असतं. मुलाने चूल वेगळी केली आणि आई-बापाची नावं त्याच्याच कार्डावर राहिली, हेही नेहमीचंच. तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन नावं लावून घ्या. आधारवर ‘लक्ष्मण’ आणि रेशनवर ‘लक्षुमण’ असेल तर तेही त्याच फेरीत नीट करून घ्या. संगणकाला दोघं वेगळे वाटतात.

तिसरं काम मोबाइलचं, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. आधारला जोडलेला नंबर बहुधा मुलाचा असतो आणि मुलगा असतो भिवंडीला नाहीतर वसईला. केंद्रावर आई बसलेली, ओटीपी तिकडे वाजतो, तो फोन उचलेपर्यंत वेळ संपते. अंगठा लावून बघावा, तर जन्मभर आवणी आणि नागलीची कापणी केलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र तांबडा दिवा दाखवतं, चालक फडक्याने बोट पुसतो, दुसरं बोट मागतो, पुन्हा तांबडा. अशा वेळी घरी परतू नका. ‘चेहऱ्याने करा’ म्हणून सांगा. आजीला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, डोक्यावरचा पदर कपाळाच्या मागे घ्यायचा, कॅमेऱ्याकडे बघत एकदा डोळे मिचकावायचे; पुष्कळदा काम होऊन जातं. डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते. तरी मुलगा सणाला घरी येईल तेव्हा आधार केंद्रावर जाऊन गावात राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर जोडून घेणं उत्तम.

एवढं जुळलं की कार्ड काढणं फार अवघड नाही. आशाताई, आपले सरकार सेवा केंद्र, सरकारी रुग्णालय यांपैकी कुठेही विचारा, किंवा घरच्या शिकलेल्या पोराला आयुष्मान अ‍ॅप उघडायला सांगा. सत्तरीवाल्यांसाठी त्यात वेगळी नोंदणी आहे. आधार क्रमांक टाकायचा, ओळख पटवायची, फोटो काढायचा, पत्ता आणि घरातल्या माणसांची माहिती भरायची, मंजुरी आली की कार्ड उतरवून घ्यायचं. सत्तरीच्या आतले असतील तर महाराष्ट्र निवडून रेशनकार्डाच्या क्रमांकावरून कुटुंब शोधायचं. कार्ड फुकट आहे. साध्या कागदावर छापलेलंही चालतं. चकचकीत प्लास्टिकसाठी कोणी पैसे मागितले तर नको म्हणा. शंका असल्यास १४५५५ वर फोन करा. सत्तरीवाल्यांसाठी १८००११०७७० वर मिस्ड कॉल दिला तरी चालतो.

ज्यांच्याकडे आधीच दुसरं काही आहे, त्यांनी घाई करू नये. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतले पेन्शनर आणि माजी सैनिकांच्या योजनेतले, यांना जुनी योजना किंवा वय वंदना यांपैकी एकच धरावी लागते. माझं मत विचाराल तर जुनी सोडू नका. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं येतात, आयुष्मानमध्ये येत नाहीत. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असलेल्यांना असं निवडावं लागत नाही, दोन्ही ठेवता येतं. तारापूर किंवा वाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी ईएसआयसीत किमान ५ वर्षं काढली असतील, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोचे उपचार चालू ठेवता येतात. एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळणार नाही.

कार्डात काय येत नाही, हे आधीच समजून घ्या, म्हणजे दारात वाद होणार नाही. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, नुसती तपासणी, चष्मा, दातांची कवळी यात नाही. रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयांत अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत होतं, त्यासाठी कार्ड खर्ची घालायची गरज नाही. उलट जुना आजार आहे म्हणून आयुष्मान कार्ड नाकारत नाहीत आणि पहिल्या दिवसापासून ते लागू असतं. खासगी विम्यात म्हाताऱ्यांना हे क्वचितच मिळतं.

कुठे जायचं, तेही आत्ताच ठरवा. शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर जव्हारजवळच्या ज्या शिरपामाळावर थांबले, असं इथे सांगतात, तिथून आजही रुग्ण दोन दिशांना जातात : त्र्यंबकमार्गे नाशिक आणि राज्याची हद्द ओलांडून सेलवास. फुले योजना मुख्यतः महाराष्ट्रातल्या यादीतल्या रुग्णालयांपुरती. आयुष्मान आणि वय वंदना कार्ड देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत चालतं. म्हणून सेलवास किंवा वलसाडला जायचं मनात असेल, तर हातात कोणतं कार्ड आहे ते बघा. ‘आमच्याकडे कार्ड चालतं’ एवढ्या उत्तरावर जाऊ नका. रुग्णालय यादीत आहे का आणि नेमका हाच उपचार तिथे योजनेत होतो का, असे दोन प्रश्न विचारा. फुले योजनेसाठी १५५३८८ वर विचारता येतं.

रुग्णालयात पोचल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीकडे न जाता आधी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा. कार्ड, मूळ आधार, रेशनकार्ड आणि कुटीर रुग्णालयाची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा. तो ऑनलाइन पूर्वपरवानगी मागवतो. ती आल्यावर उपचार योजनेत धरले जातात. जीवावर बेतलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, रुग्णाला आधी दाखल करा आणि त्याच वेळी आरोग्यमित्राला सांगा. ‘आत्ता भरा, नंतर परत मिळतील’ असं कोणी म्हणालं तर पावती मागा. पावती द्यायची तयारी नसेल तर तिथूनच, रुग्ण खाटेवर असतानाच, हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. घरी आल्यावर केलेली तक्रार फार रेंगाळते. निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर पुढची औषधंही मागून घ्या, आयुष्मानमध्ये १५ दिवसांपर्यंतचा पुढचा खर्च धरलेला असतो.