दूरच्या सर्व्हरवर रोजचं काम करणाऱ्यांसाठी

नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्यात लाईट गेली की टेबलावरचा संगणक बंद पडतो, पण भाड्याच्या सर्व्हरवरची टॅली चालूच असते. लाईट आल्यावर पुन्हा लॉगिन करावं, तर अर्धवट राहिलेलं व्हाउचर जिथल्या तिथे. या एका सोयीपायी मी नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांचे हिशेब सर्व्हरवर ठेवतो. मात्र सगळाच कारभार तिकडे न्यायचा मोह आवरावा, हे आता ठामपणे सांगतो.

उदाहरण आधारचंच घ्या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आज गावातली म्हातारी माणसं पैसे काढायला येतात ती अंगठ्यावरच. हे काम सर्व्हरवरून होत नाही. अंगठ्याच्या यंत्राचा आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालतो आणि सर्व्हरवरचा ब्राउझर त्याला सर्व्हरच्याच पोटात शोधत बसतो. आजीबाई चार वेळा बोट पुसून ठेवतात, यंत्राचा दिवा लागत नाही, आणि त्यांना वाटतं आपलंच बोट झिजलं. अशी कामं समोरच्या संगणकावरच करा. डिजिटल सहीचं टोकनही आपण बसलोय त्या संगणकालाच लावा. ते ऑफिसच्या संगणकाला लावून घरून रिमोट डेस्कटॉपने सही करू म्हटलं, तर विंडोजला टोकन दिसतच नाही.

सर्व्हर हाती आला की आधी घड्याळ आणि तारखेची मांडणी बघा. अमेरिकी मांडणीत ०७/०८ म्हणजे आठ जुलै, आणि एक्सेलमध्ये हा घोळ महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. मार्च एंडच्या तोंडावर एका व्यापाऱ्याचा सर्व्हर माझ्याकडे तपासायला आला. सगळ्या फायलींना कुलूप, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडला. ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी, कितीही खाली सरकवा, संपेनात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर... एकामागून एक नावं लावून पाहिलेली. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट जगाला उघडं होतं. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर, त्यालाही कुलूप. वर्षभराच्या नोंदी त्या माणसाने कागदी बिलांवरून पुन्हा घातल्या. त्याची ती रात्ररात्र जागरणं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप. नुसता पोर्टचा नंबर बदलल्याने भागत नाही, शोधणारे तोही शोधतात. अपडेटही लांबवू नका. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूकीप या भगदाडातून पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं; मायक्रोसॉफ्टला कधीच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली होती.

बॅकअप रोज आपल्याकडच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. रिमोट डेस्कटॉपमध्ये आपले ड्राइव्ह सर्व्हरला जोडलेले असतील, तर तिकडचं कुलूप इकडेही लागू शकतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या पार्टीचं लेजर जुळतंय का ते बघा. आणि सर्व्हरचं भाडं कोणत्या मोबाईलवर, कोणत्या ईमेलवर नोंदलंय ते वहीत लिहून ठेवा. भाडं थकलं, तर कंपनी आधी सर्व्हर बंद करते आणि मग पुसून टाकते.