गांवचा तंटा आणि सरकारी बक्षीस

हिवरखेडकडील मंडळींत पुष्कळदां असा प्रश्न निघतो कीं, गांवांत सलोखा राखण्याच्या कामास सरकारांतून पैसा मिळतो काय, आणि अर्ज कोणीं करावा? प्रश्न रास्त आहे. पण पैसा कशाबद्दल मिळतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

आपल्या राज्यांतील याचें ठळक उदाहरण म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम. त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानें ती १५ ऑगस्ट २००७ रोजीं सुरू झाली. तींत आगाऊ अनुदान नव्हतें. आधीं काम, मग बक्षीस. ग्रामसभेनें समिती नेमावयाची. समितीनें दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर असे तंटे नोंदवहींत लिहून ते मिटवावयाचे, व नवे उद्भवूं द्यावयाचे नाहींत. तपासणींत २०० पैकीं निदान १५० गुण पडले म्हणजे गांव पात्र ठरे, आणि लोकसंख्येच्या मानानें १ लाखापासून १० लाख रुपयांपर्यंत बक्षीस मिळे. म्हणजे पाळकानें मंडळीच्या नांवानें मागावी अशी ही रक्कम नव्हती. आपण समितींत बसावें, नोंदी लिहून द्याव्या, एवढाच आपला भाग. चालू वर्षीं अशा कामास तरतूद आहे कीं नाहीं, हें ग्रामपंचायतीच्या कचेरींत व पोलीस ठाण्यांत विचारल्यावांचून कोणास आशा लावूं नये.

आतां तंट्याविषयीं. वऱ्हाडांत भांडणाचें मूळ बहुधा धुरा, नाहीं तर पांदण. एकानें दरसाल वखर वीतभर पलीकडे घातला कीं थोड्या वर्षांत दुसऱ्याचें तासच्या तास नाहींसें होतें. इसहाकाच्या चाकरांनीं खणलेल्या दोन विहिरींवरून गरारच्या गुराख्यांनीं भांडण केलें, तेव्हां तो पुढें सरकला व तिसरी खणली (उत्पत्ति, अध्याय २६). परंतु दोन एकरांच्या धन्यानें सरकावें कोठें?

माझी एक चूक सांगतों. आमच्या मंडळींतील दोघां भावांचा धुऱ्याचा तंटा होता. गांवची तपासणी जवळ आली म्हणून मी त्यांस एकत्र बसविलें, हातांत हात दिले, आणि वहींत ‘मिटला’ असें लिहविलें. मोजणी केली नाहीं, कागद केला नाहीं. पेरणी येतांच कुऱ्हाडी निघाल्या. धाकटा मला म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्ही तंटा नाहीं, वही मिटविली.” तें मला लागलें, व लागावयासच पाहिजे होतें.

म्हणून धुऱ्याचा तंटा असेल तर आधीं भूमि अभिलेख कचेरीकडे मोजणीचा अर्ज करावा, मग बोलणें. रस्ता अडविला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याअन्वयें तहसीलदाराकडे जातां येतें. दावा न्यायालयांत चालू असेल तर घरगुती तडजोडीनें तो आपोआप संपत नाहीं. ती न्यायालयापुढें ठेवावी लागते. लोकअदालतींत मिटल्यास निवाड्यास हुकूमनाम्याचें बळ येतें, भरलेली न्यायालय फी परत मिळते, व त्यावर अपील चालत नाहीं. यास्तव सही करण्यापूर्वीं कागद दोनदां वाचवून घ्यावा. स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, विधि सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

फौजदारींत फार जपावें. कायद्यानें तडजोडीस योग्य ठरविलेले गुन्हेच मिटवितां येतात. त्यांची यादी पूर्वीं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्यें होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्यें आहे. बलात्कार किंवा जातीवरून केलेला अत्याचार तींत बसत नाहीं. अशा वेळीं गांवचे गुण जातील म्हणून बाईस अथवा गरिबास गप्प बसविणें हा सलोखा नव्हे, व तेथें कोणी आपल्या उपदेशकास मध्यस्थ म्हणून बोलाविलें तर त्यानें स्पष्ट नाहीं म्हणावें आणि तक्रार देणाऱ्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावें.

त्या दोघां भावांची मोजणी पुढल्या उन्हाळ्यांत झाली. खुणेचे दगड दोघांनीं मिळून पुरले. थोरल्याकडे चार तास जास्त निघाले. ते त्यानें सोडले, पण धाकट्याशीं तो अजून बोलत नाहीं.