वर्गातील रोपे का कोलमडतात?

जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेच बी खोलीत पेरले तर आठ-दहा दिवसांत उगवते. पण पुढे रोपे लांबट व फिकट होऊन आडवी पडतात. घरी शेत नसलेले मूल तेव्हा हिरमुसते. शिक्षकांनी हाच प्रसंग पाठासाठी घ्यावा.

साहित्य : बुडाशी भोके पाडलेले दोन डबे, माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग.

कृती : बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उगवताच एक डबा खोलीच्या कोपऱ्यात, दुसरा सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवावा. उन्हाळ्यात खानदेशातील दुपारच्या उन्हापासून तो जपावा. आठवडाभर रोपांची उंची फळ्यावर लिहावी.

निष्कर्ष : कोपऱ्यातील रोप उंच, परंतु दुबळे असते, ते उजेडासाठी ताणले जाते. बुंधा मातीलगत मऊ पडून रोप कोलमडले, तर कारण निराळे : फार ओलाव्याने वाढलेली बुरशी. म्हणून माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे.

रोप मेले म्हणून मुलास बोल लावू नये. ते का मेले हे जो सांगेल, त्यास पाठ समजला असे मानावे.