फ्लॅश आणि ऑटो आयएसओ : लग्नाच्या फोटोग्राफरसाठी एक धडा

लग्नसराई सुरू झाली की वसईगावापासून नालासोपारा-विरारपर्यंत फोटोग्राफीचा धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बहुतेकांकडे आता चांगला डिजिटल कॅमेरा आहे, वर लावायचा फ्लॅशही आहे. तरीही अल्बम हाती पडल्यावर तक्रारी येतातच. एका फोटोत चेहरे चुन्यासारखे पांढरे, पुढच्याच फोटोत तीच माणसे काळवंडलेली, तिसऱ्यात मागची भिंत पिवळीजर्द. पुष्कळदा दोष कॅमेऱ्याचा नसतो. 'ऑटो आयएसओ' ही सोय फ्लॅशबरोबर तशीच चालू ठेवली, हा दोष असतो.

ही चूक माझ्या हातूनही घडली आहे. एका वलीम्यात मी फ्लॅशची ताकद हाताने ठरवून ठेवली होती आणि आयएसओ ऑटोवर सोडला होता. पांढऱ्या कुर्त्यांतील पाहुणे स्टेजवर आले तेव्हा फोटो मळकट आले. नंतर काळे बुरखे घातलेल्या घरच्या वडीलधाऱ्या महिला आल्या, तेव्हा त्यांचे चेहरे पार उडाले. अल्बम पाहून नवऱ्या मुलाचे मोठे भाऊ एवढेच म्हणाले, "भाई, हे सगळे फोटो एकाच लग्नाचे आहेत ना?" उरलेले पैसे त्यांनी दिले, पण त्या घरातले पुढचे लग्न दुसऱ्याकडे गेले. आपल्या धंद्यात एका लग्नातून चार लग्ने मिळतात, तशीच ती एका अल्बमने हातची जातात.

रोलच्या काळातील शिस्त

रोलच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्यात १०० चा रोल भरला की ३६ फोटो संपेपर्यंत आयएसओ १०० च. फ्लॅशच्या पाठीवर तक्ता असे. माणूस किती अंतरावर आहे ते पाहायचे आणि त्याप्रमाणे लेन्सचे छिद्र ठरवायचे. डिजिटल कॅमेऱ्यात दर फोटोला आयएसओ बदलता येतो. ऑटोवर ठेवले तर तो बदल आपल्याला न विचारता कॅमेराच करतो.

गोंधळ का होतो

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटीत पांढरे जास्त दिसले की उजेड भरपूर आहे असे समजून तो आयएसओ खाली आणतो. काळे जास्त दिसले की वर नेतो. आयएसओ ४०० वरून ३२०० वर गेला की तोच फ्लॅश फोटोत आठपट उजळ उमटतो. हाताने ताकद ठरवलेल्या फ्लॅशला या बदलाचा पत्ताच नसतो. माझे फोटो बिघडले ते यामुळेच.

टीटीएल फ्लॅश असेल तर आधी एक छोटी चमक सोडून कॅमेरा प्रकाश मोजतो आणि फ्लॅशची ताकद त्याप्रमाणे ठेवतो. त्यामुळे चेहरे बरेचसे सांभाळले जातात. पण आयएसओ फार वर गेला की हॉलमधील पिवळे आणि रंगीत दिवे फोटोवर चढतात, दाणे दिसू लागतात, आणि शटर मंद असेल तर हलणाऱ्या माणसामागे सावलीसारखी रेघ उमटते.

सर्व कंपन्यांचे कॅमेरे सारखे वागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. कॅननच्या अनेक मॉडेलांत फ्लॅश चालू होताच ऑटो आयएसओ ४०० वर स्थिर होतो. निकॉनच्या अनेक मॉडेलांत फ्लॅशसाठी कमाल आयएसओ वेगळा ठरवता येतो. म्हणून मित्राच्या कॅमेऱ्यावरून आपल्या कॅमेऱ्याचा अंदाज बांधू नये. पुस्तिका वाचावी.

थोडा हिशेब

प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागले की छिद्राचा आकडा मिळतो, छिद्राने भागले की अंतर मिळते. समजा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३६ मीटर आहे. छिद्र ५.६ ठेवले तर पूर्ण ताकदीवर प्रकाश साधारण साडेसहा मीटरपर्यंत पुरतो. आयएसओ चौपट, म्हणजे ४०० केला की हे अंतर दुप्पट, सुमारे १३ मीटर होते. छतावर आपटून आणलेला प्रकाश वाटेत घटतो, म्हणून १०० ऐवजी ४०० किंवा ८०० ठेवावा लागतो. आयएसओ थोडा वाढवला की फ्लॅशला कमी ताकद लागते. सेल जास्त टिकतात आणि फ्लॅश लवकर भरतो.

हॉलमध्ये काय करावे

१. कॅमेरा मॅन्युअलवर घ्यावा. आयएसओ ४०० किंवा ८००, छिद्र ५.६, शटर १/१२५ ठेवून सुरुवात करावी. फ्लॅश टीटीएलवर असावा.

२. मागचा हॉल काळा दिसत असेल तर शटर १/६० पर्यंत आणावे. शटरने मागचा उजेड बदलतो. चेहऱ्यावरील फ्लॅशच्या प्रकाशात त्यामुळे फरक पडत नाही.

३. शटर १/२०० च्या वर नेऊ नये. अनेक कॅमेऱ्यांची फ्लॅशबरोबरची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. ती ओलांडली तर फोटोत काळा पट्टा येऊ शकतो.

४. पांढऱ्या कपड्यांचा मोठा घोळका असेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन पाऊण ते एक स्टॉप वाढवावे, काळ्या कपड्यांत तेवढेच कमी करावे. टीटीएललाही पांढरे-काळे फसवते.

५. छत पांढरे आणि बुटके असेल तरच फ्लॅश वर फिरवावा. महिलांच्या बैठकीच्या खोलीत ही युक्ती फार चांगली चालते. रंगीत कापडाच्या मंडपात तोच रंग चेहऱ्यावर येतो. तिथे फ्लॅश सरळ ठेवून पुढे पांढरा पातळ पडदा लावावा.

पावसाळ्यात ऐन कार्यक्रमात वीज गेली तर ऑटो आयएसओ थेट कमाल आकड्यावर उडी मारतो. आयएसओ बांधलेला असेल तर मागचा हॉल काळोखात जातो, पण वधू-वरांचे चेहरे स्वच्छ येतात. फक्त फोकस अंधारात चुकतो, तेवढे जपावे.

ऑटो कुठे चालेल

ऑटो आयएसओ मुळात वाईट नाही. निकाह मशिदीत असेल आणि फ्लॅशने लोकांना त्रास होऊ नये असे वाटत असेल, तर फ्लॅश बंद करून ऑटो आयएसओ जरूर वापरावा. कमाल मर्यादा ३२०० आणि किमान शटर १/१२५ ठरवून द्यावे. वरात उन्हातून हॉलमध्ये शिरते तेव्हाही, फ्लॅश बंद असताना, ही सोय कामी येते.

घरी करून पाहा

तीन मीटरवर एका माणसाला पांढरा कुर्ता घालून उभे करावे, मग त्यालाच काळी शेरवानी घालावी. फ्लॅशची ताकद हाताने एकच ठेवून दोन्ही फोटो ऑटो आयएसओवर घ्यावेत, मग दोन्ही ४०० वर घ्यावेत. चारही फोटो शेजारी ठेवून पाहिले की फरक कळेल.

तात्पर्य, फ्लॅश चालू केला की आयएसओ रोलसारखा समजावा. कार्यक्रमाआधी विचार करून 'भरावा'. बदलायचाच असेल तर जागा बदलल्यावर, आपल्या हाताने बदलावा. लग्नाचा दिवस पुन्हा येत नाही, आणि गिऱ्हाइकाने आपल्यावर टाकलेला भरवसाही एकदा गेला की सहज परत मिळत नाही.