अभ्यासपाठ : जुलाब लागले तर वाट किती पाहायची?

वाचन : लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तीन कामे क्रमाने येतात. त्याने जखमी माणसाकडे पाहिले, जवळ होते त्याने जखमा बांधल्या आणि मग त्याला उतारशाळेत पोहोचवले. काशीमिरा व चेणे परिसरातील पाड्यांवर आरोग्यवर्ग घेताना मी हाच क्रम शिकवते.

पहिले, पाहणे. साल्मोनेला हा जंतू अर्धवट शिजलेले चिकन, कच्ची अंडी, न तापवलेले दूध किंवा दूषित पाणी यांतून पोटात जातो. अन्नाला वास येईलच असे नाही. साधारण ६ ते ७२ तासांत जुलाब, पोटात मुरडा, ताप, मळमळ आणि कधी उलट्या सुरू होतात. म्हणून फक्त कालचे जेवण आठवू नका, परवाच्या हळदीचे जेवणही विचारा. एकाच पंगतीतले चार जण आजारी असतील, तर संशय बळावतो. खात्री मात्र शौचाच्या तपासणीनेच होते.

दुसरे, जवळ आहे त्याने मदत. आया मला सांगतात, "ताई, पाणी दिलं की जुलाब वाढतात." पाणी बंद केल्याने जुलाब थांबत नाहीत, अंगातले पाणी मात्र संपते आणि जीव धोक्यात येतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजले. पाजायचे काम नातेवाइकांनीच केले. शेकडा २० ते ३० असलेले मृत्यू ४ च्या खाली आले.

ओआरएसचे पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने साखर ६ सपाट चमचे व मीठ अर्धा सपाट चमचा विरघळवा. घोट घोट पाजत राहा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणून मुलांना देऊ नका.

तिसरे, पोहोचवणे. शौचातून रक्त, १०२ अंशांवर ताप, पाणीही न टिकणे, लघवी बंद, खोल गेलेले डोळे, गुंगी, किंवा तीन दिवसांनंतरही न थांबलेले जुलाब, यांपैकी एक जरी दिसले तरी थांबू नका. तान्ही बाळे, गरोदर बाया व वृद्ध यांना तर आधीच दाखवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.

तरीही लोक उशीर करतात. त्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसते, रोज बुडण्याची भीती असते. दाखल्याच्या शेवटी शोमरोनी दोन दीनार देतो. मत्तय २० प्रमाणे एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्याने दोन दिवसांचा रोज दुसऱ्यासाठी मोजला.

गटात चर्चेसाठी :
१. आपल्या प्रीतिभोजनाचे उरलेले अन्न आपण पाड्यावर कधी पाठवतो? दोन तासांच्या आत की दुसऱ्या दिवशी?
२. आजारी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या आईचा एका दिवसाचा रोज आपली मंडळी भरून देईल का?

प्रार्थना करा, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरवूनच उठा.