दुपारची साखर चुकवू नका

स्वादुपिंड बदललं, इन्सुलिनची सुई सुटली, म्हणून ग्लुकोमीटर फळीवर ठेवून चालत नाही. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून जी औषधं घ्यायची, तीच साखर वाढवतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे इन्सुलिन असूनही नीट लागू पडत नाही, टॅक्रोलिमसमुळे ते स्रवतंच कमी. आंबे शिवथर, कुंभे शिवथर या गावांहून तपासणीला जायचं म्हणजे महाड गाठून पुढे मुंबई-पुणे. तेव्हा घरची वहीच डॉक्टरांचा आधार.

आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. आंबा खाल्लेल्या बोटाने तपासलं तर मशीन आंब्याची साखर मोजतं. बोटाच्या टोकाला मधोमध नव्हे, कडेला टोचा. पट्टी काढताच डबीचं झाकण लावा. इथल्या पावसाळी दमटपणात उघड्या पट्ट्या बिघडतात.

केव्हा तपासायचं, यातच खरी मेख आहे. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसतो आणि माणूस फसतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधीही तपासा. आकड्यासोबत वेळ आणि काय खाल्लं तेही लिहा. मर्यादा तुमच्या डॉक्टरांनी दिलेलीच पाळा. मधुमेहात साधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180च्या आत धरतात.

भात वाटीने मोजून घ्या, सोबत कुळथाचं पिठलं आणि पालेभाजी. नाचणीने साखर वाढत नाही, हा गैरसमज. पातळ आंबिलीने तर ती भराभर चढते. पपनस मात्र वर्ज्य, कारण त्याने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. दुखण्याची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय नको.

टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने घ्या. त्याची पातळी तपासायच्या दिवशी सकाळचा डोस सोबत न्या, रक्त दिल्यावरच घ्या. साखर चांगली असली तरी अमायलेज, लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांच्या तपासण्या टाळू नका. अवयव नाकारला जात असताना साखर बऱ्याचदा उशिरा वाढते. ताप, पोटदुखी किंवा एकाएकी चढलेली साखर दिसली तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. डोस स्वतः बदलू नका.

जुलै 2021च्या पुरात महाड पाण्याखाली गेलं होतं. म्हणून पावसाळ्याआधी किमान पंधरा दिवसांची औषधं घरात आणून ठेवा.