नकार लिहून देण्यापूर्वी

खासगी अनुदानित शाळांचा कारभार जवळून पाहिल्यावर शिक्षिकांना माझं एकच सांगणं आहे: मुख्याध्यापकपद नको, असं घाईघाईने लिहून देऊ नका. १९७७चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ची नियमावली यांनुसार पात्रता आणि समाधानकारक सेवा असेल, तर हे पद सेवाज्येष्ठतेने मिळतं. मात्र ज्येष्ठ शिक्षकाने स्वेच्छेने लेखी हक्क सोडला, तर संस्थेला पुढच्याला नेमता येतं. बाईंची वाट अडते ती इथेच. ‘मॅडम, घर सांभाळून शिक्षणाधिकारी कार्यालयात कुठे खेपा घालणार?’ अशी काळजी आधी दाखवली जाते आणि पाठोपाठ टाइप केलेला कागद पुढे सरकतो.

यावर उत्तर ठरलेलं: ‘कुणी जबरदस्ती केली नाही, त्यांनाच नको होतं.’ पण हाच प्रश्न ज्येष्ठ पुरुष शिक्षकाला सहसा विचारला जात नाही. ज्याला विचारलंच जात नाही त्याचा होकार आणि जिला दहादा विचारलं जातं तिचा नकार, या दोन्हींना स्वेच्छा कसं म्हणायचं? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. संचमान्यता, यू-डायस, पोषण आहार, संस्थाचालकांची मर्जी यांत पुरुषही पिचतात. कबूल; पण त्यावर तोडगा लिपिक आणि सहकाऱ्यांमध्ये कामं लेखी वाटून देणं हा आहे, बाईंनी बाजूला होणं हा नव्हे. शिवाय जुन्या निवृत्तिवेतनाच्या कक्षेतल्या शिक्षिकेला या नकाराचा फटका शेवटच्या पगारापुरताच नाही, पुढे पेन्शनमध्येही बसू शकतो.

भीती असते ती हिशेबाची, आणि ती चार्ज घेतानाच आवरता येते. रोजकीर्द आणि पासबुक ताडून पाहा, जडसंग्रह नोंदवहीतली वस्तू डोळ्यांनी बघा. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम; त्या हिशेबाने वहीतली शिल्लक तपासा आणि पोती वजन करून घ्या. फरक निघाला तर चार्जयादीवरच नोंदवा, कारण विनाशेरा सही झाली की ती तफावत तुमच्या गळ्यात पडते. एवढं समजून घेतल्यावरही पद नको वाटलं, तर नाकारायला काहीच हरकत नाही. फक्त तो नकार स्वतःच्या हाताने, खऱ्या कारणासह लिहा. दुसऱ्याने आणलेल्या मसुद्यावर सही करू नका.